मित्राच्या भिंतीतले कान

२००४ मध्ये पूर्व तिमोर हा जगातल्या सर्वांत नव्या देशांपैकी एक होता. वस्ती जेमतेम दहा लाखांची, स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे झालेली. इंडोनेशियाच्या ताब्यातून सुटताना १९९९ मध्ये राजधानी दिलीची राखरांगोळी झाली होती, तेव्हा शांतता प्रस्थापित करायला आलेल्या फौजांचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाने केले होते. तिमोरी माणसांच्या लेखी ऑस्ट्रेलिया हा अडीअडचणीला धावून आलेला शेजारी होता. सरकारी कचेऱ्यांची डागडुजीही त्याच शेजाऱ्याच्या मदतीतून चालली होती. ऑस्ट्रेलियाच्या परदेशी हेरखात्यातल्या एका अधिकाऱ्याने पुढे जे सांगितले त्यानुसार, या डागडुजीच्या आडोशाने हेरखात्याच्या माणसांनी मंत्रिमंडळाच्या खोलीच्या भिंतीत बोलणे टिपणारी यंत्रे बसवली. त्या खोलीत खल चालत होता तो तिमोर समुद्रातल्या ग्रेटर सनराइज या वायुक्षेत्राचा. वाटा किती मागायचा, कुठवर ताणून धरायचे, कुठे सैल सोडायचे. आणि वाटाघाटीत समोर बसला होता ऑस्ट्रेलियाच.

मित्रराष्ट्रांनी एकमेकांवर पाळत ठेवावी की नाही, या वादात सहसा पहिले उदाहरण दिले जाते ते जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांच्या फोनचे. दिलीचे नाव क्वचितच निघते. प्रश्नाचा गाभा मात्र दिलीच्या त्या भिंतीत आहे. मित्राकडून नेमके काय चोरले, कशासाठी चोरले आणि त्या चोरीने कोणाच्या ताटातला घास गेला, हे विचारल्याशिवाय नुसते ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

तरी मेर्केल यांच्या प्रकरणापाशी थांबावेच लागते, कारण या प्रश्नाचे इतके पदर दुसऱ्या कुठल्याच प्रकरणात एकत्र उलगडत नाहीत. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, म्हणजे एनएसएची, कागदपत्रे बाहेर काढली. त्यानंतर ऑक्टोबरात ‘डेर श्पीगल’ने बातमी दिली की मेर्केल यांचा मोबाइल क्रमांक या संस्थेच्या यादीत २००२ पासून होता, म्हणजे त्या चॅन्सेलर होण्याच्या तीन वर्षे आधीपासून. मेर्केल यांनी थेट बराक ओबामांना फोन लावला. व्हाइट हाउसने उत्तर दिले की अमेरिका त्यांचे संभाषण ऐकत नाही आणि ऐकणार नाही. यापूर्वी ऐकले होते का, याबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते, आणि जर्मनीने जे समजायचे ते समजून घेतले. २४ ऑक्टोबरला ब्रुसेल्समध्ये मेर्केल पत्रकारांना म्हणाल्या की मित्रांमध्ये चोरून ऐकणे मुळीच चालणार नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून येण्याला वजन होते. त्या पूर्व जर्मनीत वाढल्या होत्या. शेजारी, सहकारी, कधी कधी घरचेच माणूस स्टाझी या गुप्त पोलिसखात्याला खबर पुरवते अशा देशात त्यांचे तारुण्य गेले होते.

पुढे काय झाले? जर्मनीने अमेरिकेकडे परस्परांवर हेरगिरी न करण्याचा करार मागितला, तो मिळाला नाही. सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा नसल्याचे सांगून जून २०१५ मध्ये ती बंद केली. मधल्या काळात, जुलै २०१४ मध्ये, जर्मन परदेशी हेरखात्यातला, म्हणजे बीएनडीतला, एक कर्मचारी सीआयएला कागद विकताना सापडला. त्याने दोनशेहून अधिक दस्तऐवज विकले होते. पुढे त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. सीआयएच्या बर्लिनमधल्या प्रमुखाला देश सोडायला सांगण्यात आले. इतक्या जवळच्या मित्राच्या बाबतीत हे पाऊल फार क्वचित उचलले जाते.

आणि मग तपासाचे बोट घराकडे वळले. जर्मन संसदेच्या चौकशी समितीपुढे आणि वृत्तपत्रांतून एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. बीएनडी स्वतःच युरोपातल्या मित्रदेशांच्या कचेऱ्यांवर कान लावून होती. अमेरिकेने पुरवलेल्या शोधयाद्या वापरून ती युरोपीय लक्ष्यांचीही माहिती गोळा करत होती. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाब्युस यांच्यावर तिची पाळत असल्याची बातमी २०१५ मध्ये आली. हिलरी क्लिंटन आणि जॉन केरी यांचे काही फोनही तिच्या जाळ्यात सापडले होते. मेर्केल यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये समितीपुढे साक्ष द्यावी लागली. आपल्याच खात्याच्या या कारभाराची आपल्याला तेव्हा कल्पना नव्हती, असे त्यांनी सांगितले. ज्या राज्यकर्त्या मित्रांवर हेरगिरी नको म्हणतात, त्यांच्याच राज्यात ती सुरू असते आणि त्यांना पत्ता नसतो, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत चिंतेची गोष्ट आहे. हेरखाते सरकारच्या डोक्यावरून चालू लागले की देशाचा शब्द पोकळ होतो.

डेन्मार्कच्या बातमीने या जखमेवर मीठ चोळले. तिथल्या सरकारी प्रसारणसंस्थेने मे २०२१ मध्ये दाखवून दिले की डॅनिश लष्करी हेरखात्याशी केलेल्या सहकार्याचा, म्हणजे डेन्मार्कमधून जाणाऱ्या इंटरनेट केबलींचा, वापर करून एनएसएने २०१२ ते २०१४ या काळात जर्मनी, स्वीडन, नॉर्वे आणि फ्रान्समधल्या नेत्यांवर पाळत ठेवली होती. सगळे ‘नाटो’तले किंवा त्याच्या जवळचे देश. म्हणजे एका मित्राच्या अंगणात उभे राहून दुसऱ्या मित्राच्या खिडकीत डोकावणे.

यातले काहीच नवे नाही. १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची मेक्सिकोला पाठवलेली तार ब्रिटिशांनी पकडली, ती अमेरिकेला युद्धात ओढणारी ठरली. ही तार अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाने गेली होती आणि ब्रिटन तो मार्ग गुपचूप वाचत होते. हे उघड होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी त्याच तारेची दुसरी प्रत मेक्सिकोतून मिळवली आणि ती तिथूनच हाती लागल्याचा देखावा केला. दुसऱ्या महायुद्धात, २५ फेब्रुवारी १९४२ रोजी, चर्चिल यांनी रूझवेल्ट यांना पत्र लिहून कबूल केले की आपल्या तज्ज्ञांनी अमेरिकी राजदूतांची सांकेतिक लिपी उकलली होती. आपण दोस्त झालो त्या क्षणी ते काम थांबवण्याचा हुकूम दिला. शत्रूलाही ते जमू शकेल, तेव्हा सावध राहा, असा सल्ला देऊन त्यांनी पत्र वाचून जाळायला सांगितले. मित्राने मित्राला दिलेली अशी प्रामाणिक कबुली इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडते. नेमक्या पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपल्या तिसऱ्या दोस्ताच्या, सोव्हिएत संघाच्या, तारा उकलायला घेतल्या. ‘वेनोना’ नावाने ओळखल्या गेलेल्या या कामातूनच पुढे अणुबॉम्बची गुपिते मॉस्कोला पोहोचवणाऱ्या क्लाउस फुक्सचा माग लागला. १९४५ च्या जुलैत पॉट्सडॅमला ट्रुमन यांनी स्टालिनला नव्या अस्त्राबद्दल मोघम सांगितले, तेव्हा स्टालिनच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही. दोस्ताच्या प्रयोगशाळेतली बातमी त्याच्याकडे आधीच पोहोचली होती.

पुण्याला हे शिकायला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली नव्हती. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांचा मित्र झाला. १८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याच्या रेसिडेन्सीत होता. मित्रदरबारातला वकील हा त्याचा अधिकृत हुद्दा. पण शनिवारवाड्यातल्या हालचालींची खबर ठेवणारी माणसे त्याने जोडली होती, आणि बाळाजीपंत नातूंचे नाव महाराष्ट्र आजही त्याच संदर्भात घेतो. तहाच्या कागदावर दोन्ही पक्ष मित्र होते. प्रत्यक्षात एकाच्या हाती दुसऱ्याचे बारीकसारीक बेत होते आणि दुसऱ्याला पहिल्याच्या पोटातले काही ठाऊक नव्हते. अशा मैत्रीचा शेवट काय झाला, हे १८१८ सांगते.

आता दुसरी बाजू, आणि ती क्षुल्लक नाही. मित्राला सगळे सांगितले जातेच असे नाही, आणि कधी कधी तो जे लपवतो त्याने सगळ्यांचाच जीव धोक्यात येतो. तैवान हे याचे ठसठशीत उदाहरण. अमेरिकेच्या छत्राखाली राहणाऱ्या या बेटाने गुपचूप अण्वस्त्रांच्या दिशेने पावले टाकली होती. तिथल्या अणुसंशोधन संस्थेचे उपसंचालक कर्नल चांग श्येन-यी हे अनेक वर्षे सीआयएला माहिती देत होते. जानेवारी १९८८ मध्ये सीआयएने त्यांना कुटुंबासह अमेरिकेला हलवले आणि त्यांच्या माहितीच्या बळावर वॉशिंग्टनने तैवानला तो कार्यक्रम गुंडाळायला लावला. तैवानमध्ये चांग यांना गद्दार म्हणणारे आजही आहेत, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण चीनच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर चोरून बनवलेला बॉम्ब कोणते संकट ओढवून आणू शकला असता, याचा विचार केला तर ही हेरगिरी चुकीची होती असे छातीठोकपणे म्हणणे कठीण आहे.

याच युक्तिवादाचा आधार घेत लोक पुढे फार लांब जातात. सीआयएचे माजी संचालक जेम्स वूल्सी यांनी मार्च २००० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये उघड लिहिले की आम्ही युरोपीय मित्रांवर हेरगिरी करतो, कारण त्यांच्या कंपन्या परदेशी कंत्राटे मिळवण्यासाठी लाच देतात. तेव्हा युरोपीय संसद ‘एशलॉन’ या इंग्रजीभाषक देशांच्या ऐकण्याच्या जाळ्याची चौकशी करत होती. लाच पकडणे वाईट नाही. पण एकदा व्यापारी संभाषण ऐकायला सुरुवात झाली की लाच कुठे संपते आणि स्पर्धकाची किंमत कुठे सुरू होते, ही रेघ ऐकणाराच ओढतो. फ्रान्सही याला अपवाद नाही: फ्रेंच हेरखात्याचे माजी प्रमुख पिएर मारियाँ यांनी अमेरिकी कंपन्यांवरच्या औद्योगिक हेरगिरीची जाहीर कबुली दिली होती. २०१३ मध्ये फ्रान्सचे माजी परराष्ट्रमंत्री बेर्नार कुश्नेर यांनी तर स्पष्टच सांगितले की आम्हीही ऐकतो, फक्त अमेरिकेइतकी साधने आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्हाला हेवा वाटतो.

मित्राने मित्राला विकलेल्या कुलपाची किल्ली स्वतःजवळ ठेवली तर? स्वित्झर्लंडमधली ‘क्रिप्टो एजी’ ही कंपनी सरकारांना संदेश गुप्त ठेवणारी यंत्रे विकत असे. १९७० मध्ये सीआयए आणि बीएनडी यांनी ती गुपचूप विकत घेतली. शंभराहून अधिक देशांनी तिची यंत्रे घेतली, आणि त्यांतली कित्येक मुद्दाम कच्ची ठेवलेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’, जर्मन वाहिनी झेडडीएफ आणि स्विस प्रसारणसंस्था यांनी हे उघड केले. गिऱ्हाइकांत इटली, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान होते. जर्मन भागीदारांना मित्रांवर इतक्या मोकळेपणी हात टाकणे खटकत असे. त्यांनी १९९३ मध्ये अंग काढून घेतले, अमेरिकेने धंदा २०१८ पर्यंत चालू ठेवला. याच यादीत भारत होता आणि पाकिस्तानही. नवी दिल्लीने आपले गुपित राखण्यासाठी पैसे मोजून जे यंत्र घेतले, तेच गुपित फोडण्याचे साधन होते. मित्राच्या विश्वासाचा बाजार मांडण्याचा याहून उघडा नमुना सापडणार नाही.

भारताचा अनुभव एवढ्यावर संपत नाही. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत एक मोठे हेरप्रकरण फुटले. पंतप्रधान कार्यालयासह अनेक खात्यांतले गोपनीय कागद रातोरात झेरॉक्स होऊन परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांकडे जात होते. घेणाऱ्यांत फ्रान्स होता आणि सोव्हिएत गटातले पोलंड व पूर्व जर्मनीही. म्हणजे ज्यांच्याशी भारताचे सूत जुळले होते तेच. फ्रेंच दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याला आणि राजदूतालाही परत जावे लागले. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्या हाताखालची माणसे अटक झाल्यावर त्यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे नऊ वर्षे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्याच १९८५ साली फ्रान्सकडून घेतलेल्या मिराज-२००० विमानांची पहिली तुकडी भारतात उतरली. व्यवहार थांबला नाही आणि संरक्षणसंबंध पुढे वाढतच गेले.

२०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली तर दिल्लीचा सूर कसा बदलला ते दिसते. स्नोडेनच्या कागदांत वॉशिंग्टनमधल्या भारतीय दूतावासाचे नाव लक्ष्य म्हणून आले, तेव्हा परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी ही खरी हेरगिरी नव्हे, संगणकाने केलेले संदेशांच्या वर्दळीचे विश्लेषण आहे, असे म्हणत विषय सौम्य केला. वर्षभराने, २०१० मध्ये भारतीय जनता पक्षावर पाळत ठेवण्याची परवानगी एनएसएला मिळाली होती असे उघड झाले. तोवर भाजप सत्तेत आला होता. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्लीत जॉन केरी यांच्या शेजारी उभे राहून नव्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी पत्रकारांसमोर सांगितले की एका मित्राने दुसऱ्या मित्रावर हेरगिरी करणे आम्हाला मान्य नाही. ते तसे जाहीरपणे बोलणे योग्यच होते. गप्प बसलेल्या देशाची संमती गृहीत धरली जाते.

पकडले गेल्यावर शिक्षा भोगतो तो बहुतेक वेळा माणूस, देश नव्हे. जोनाथन पोलार्ड हा अमेरिकी नौदलाच्या गुप्तचर विभागातला विश्लेषक. त्याने इस्रायलसाठी ढीगभर गुप्त कागद बाहेर नेले. २१ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनमधल्या इस्रायली दूतावासाबाहेर त्याला अटक झाली. इस्रायलने सुरुवातीला त्याची जबाबदारी नाकारली आणि १९९८ मध्ये कबूल केली. पोलार्डने तीस वर्षे तुरुंगात काढली. डिसेंबर २०२० मध्ये तो इस्रायलला पोहोचला तेव्हा पंतप्रधान नेतान्याहू स्वतः विमानतळावर त्याच्या स्वागताला उभे होते. या तीस वर्षांत अमेरिकेची इस्रायलला मिळणारी लष्करी मदत चालूच होती.

कायदा इथे फारसा हात देत नाही. शांतताकाळातल्या हेरगिरीला थेट मनाई करणारा एकही व्यापक आंतरराष्ट्रीय करार नाही. १९६१ चा व्हिएन्ना करार दूतावासाची इमारत, कागदपत्रे आणि टपाल यांना हात लावू देत नाही आणि राजदूतांना यजमान देशाचे कायदे पाळायला सांगतो. तरी मोडले तर उपाय उरतो तो माणसाला परत पाठवण्याचा. ओबामांनी जानेवारी २०१४ मध्ये जवळच्या मित्रदेशांच्या प्रमुखांचे फोन ऐकू नयेत असा आदेश काढला, पण सक्तीचे सुरक्षाकारण असल्यास अपवाद ठेवला, आणि नेत्यांभोवतीच्या सल्लागारांना त्याचे संरक्षण नव्हतेच. एप्रिल २०२३ मध्ये डिस्कॉर्डवर फुटलेल्या अमेरिकी कागदांत दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांची युक्रेनला तोफगोळे द्यावेत की नाही याबद्दलची खासगी चर्चा सापडली.

खरा फरक पडला तो देशांच्या आतून. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मे २०२० मध्ये निकाल दिला की बीएनडी परदेशात परदेशी माणसांचे संदेश ऐकते तेव्हाही ती जर्मन राज्यघटनेने बांधलेली आहे. याचिका करणाऱ्यांत परदेशी पत्रकार होते. पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि हेरखात्यावर नवी देखरेख बसली. एखादा देश आपल्या हेरखात्याला आपल्याच घटनेसमोर उभे करतो, तेव्हा मित्राला दिलेल्या शब्दाला किमान एक साक्षीदार मिळतो. मेर्केल यांच्या संतापाने जे साधले नाही, ते मैत्रीच्या भाषेने नव्हे, तर न्यायमूर्तींच्या निकालपत्राने थोडेफार साधले.

आता पुन्हा दिलीकडे. २००६ च्या जानेवारीत झालेल्या करारात ग्रेटर सनराइजच्या उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी ठरली आणि सागरी हद्दीचा प्रश्न पन्नास वर्षांसाठी बासनात गेला. दोन किनाऱ्यांच्या मधोमध रेघ ओढली तर या क्षेत्राचा बराच मोठा भाग तिमोरच्या बाजूला येतो, म्हणून ऑस्ट्रेलियाला ती रेघ नको होती. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधीच त्याने सागरी हद्दीच्या वादांत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मानणे सोडले होते. तैवानच्या बॉम्बसारखा कोणताही धोका इथे नव्हता. एका श्रीमंत देशाला एका गरीब देशाच्या तोंडचा पैसा हवा होता. मित्रांवरच्या हेरगिरीचे समर्थन करणाऱ्यांनी हे उदाहरण टाळू नये.

हेरखात्यातला तो अधिकारी अखेर बोलायला तयार झाला. कागदोपत्री त्याची ओळख ‘साक्षीदार के’ एवढीच राहिली. करार रद्द करून घेण्यासाठी तिमोर हेगच्या लवादापुढे गेले. साक्षीआधी, डिसेंबर २०१३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सुरक्षा यंत्रणेने कॅनबेरातले वकील बर्नार्ड कोलेरी यांच्या कार्यालयावर छापा घालून तिमोरच्या खटल्याचे कागद उचलले आणि ‘के’चा पासपोर्ट काढून घेतला. ३ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑस्ट्रेलियाला ते कागद मोहोरबंद ठेवण्याचा आणि तिमोर व त्याच्या वकिलांमधल्या संपर्कात कोणताही हस्तक्षेप न करण्याचा आदेश दिला. पुढे जुना करार संपवण्यात आला, आणि ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये नव्या सागरी हद्दीच्या करारावर सह्या झाल्या. त्यानुसार वायूचा नळ तिमोरला आला तर उत्पन्नाचे ७० टक्के आणि ऑस्ट्रेलियाला गेला तर ८० टक्के तिमोरला मिळायचे आहेत.

त्याच २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने ‘के’ आणि कोलेरी यांच्यावर गुपित फोडल्याचा खटला भरला. ‘के’ने गुन्हा कबूल केला, जून २०२१ मध्ये त्याला तीन महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. कोलेरी लढत राहिले आणि नवे सरकार आल्यावर जुलै २०२२ मध्ये त्यांच्यावरचा खटला मागे घेण्यात आला. भिंतीत यंत्रे बसवण्याचा हुकूम देणाऱ्या कोणावरही खटला झालेला नाही. सनराइजचा वायू अजून समुद्राच्या तळाखालीच आहे, आणि नळ तिमोरच्या किनाऱ्याला न्यायचा की डार्विनला, यावर घोळ चालूच राहिला.